नमुन्याखाली आकडेही छापा

माननीय संपादक,
स. न.

वृत्तपत्रांच्या पुरवण्यांत फुलीटाक्याचे आणि ठिगळकामाच्या गोधड्यांचे नमुने येतात. चित्र सुरेख असते, पण घरी काम करायला बसणाऱ्याला लागणारे आकडे त्यात सापडत नाहीत. अर्धवट पडलेल्या कामाचे खापर मग आळसावर फुटते. खरे तर बरीचशी कामे अडतात ती पहिल्या दिवशी न मांडलेल्या हिशेबामुळे.

फुलीटाक्याचे बघा. १४० × १४० घरांचा नमुना १४ काउंटच्या, म्हणजे इंचाला १४ घरे असलेल्या आयडा कापडावर (फुलीटाक्याचे घरे पाडलेले कापड) १० इंच भरतो, १८ काउंटवर पावणेआठ. फ्रेमसाठी चारही बाजूंना ३ इंच सोडायचे, म्हणजे १४ काउंटचा तुकडा १६ इंचांचा हवा. १२ इंचांचा घेतला तर काम पुरे होते, पण ताणून बसवायला कापड उरत नाही. सगळी घरे भरायची असतील तर फुल्या होतात १९,६००. तासाला १०० हा वेग आणि आठवड्याला ५ तास धरले, तर ३९ आठवडे लागतात. हे आधी ठाऊक असेल तर तीन महिन्यांनी एक तृतीयांशच काम झालेले पाहून कोणी खट्टू होणार नाही. रंग विखुरलेले असतील तर वेग आणखी उतरतो, कारण दर चार-पाच फुल्यांनी सुई बदलावी लागते.

धाग्याचाही अंदाज बांधता येतो. १४ काउंटवर दोन पदर वापरले, तर ८ मीटरच्या सहापदरी लडीत वाया जाणारी टोके धरून साधारण १५०० ते १८०० फुल्या होतात. पार्श्वभूमी ५००० घरांची असेल तर ४ लड्या एकदमच घ्याव्यात. नंतर आणलेल्या लडीवर रंगाचा नंबर तोच असतो, पण रंगवण्याची खेप वेगळी असू शकते. हातात घेऊन न जाणवलेला तो फरक सपाट भरलेल्या भागात पट्ट्यासारखा उमटतो.

दर १० घरांवर खुणेची रेघ हवीच; एका घराची चूक पुढे शंभर फुल्या उसवायला लावते. मात्र पाण्याने जाणाऱ्या पेनाच्या रेघांवर धुण्याआधी इस्त्री फिरली तर त्या पक्क्या होऊन बसतात. त्यापेक्षा बारीक नायलॉनच्या दोऱ्याचा धावदोरा घालावा. सुई तो भेदत नाही, त्यामुळे शेवटी तो सहज ओढून निघतो.

गोधडीत सगळा खेळ मायेचा, म्हणजे शिवणीसाठी कडेला सोडलेल्या कापडाचा. पाव इंच माया धरून कापलेला अडीच इंची चौकोन शिवल्यावर २ इंचांचा होतो. एका ओळीत १६ चौकोन म्हणजे १५ शिवणी. प्रत्येक शिवण फक्त १/१६ इंच जास्त आत गेली, तरी दोन्ही बाजू मिळून १/८ इंच जातो आणि ओळ जवळजवळ २ इंचांनी आखूड होते. शेजारची ओळ दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या हाताने शिवलेली असेल तर कोपरे जुळणे विसराच. म्हणून आधी दीड इंची तीन पट्ट्या जोडून पाहाव्यात. मधली पट्टी बरोबर १ इंच भरली, तरच खरे कापड मशीनखाली घालावे. इस्त्री वरून दाबावी, घासू नये; घासली की तिरप्या धाग्यावर कापलेले तुकडे ताणले जातात. आणि कापडे धुवायची तर सगळी आधी धुवावीत, नाहीतर एकही नको. निम्मी धुतलेली, निम्मी कोरी हे मिश्रण पहिल्याच धुलाईत चुण्या पाडते.

सगळ्यांत जास्त फसगत गोटाच्या, म्हणजे कडेला लावायच्या पट्टीच्या कापडात होते. ६० × ७२ इंचांच्या गोधडीचा घेर २६४ इंच; कोपरे वळवणे आणि शेवटी दोन टोके जुळवणे यांसाठी १२ इंच धरून २७६. वापरता येणारा पन्हा (कापडाची रुंदी) ४० इंच असेल तर अडीच इंची ७ पट्ट्या पुरतील असे वाटते, कारण त्यांची लांबी २८० इंच. पण पट्ट्या तिरप्या शिवणीने जोडताना दर जोडाला अडीच इंच जातात. सहा जोडांत १५ इंच गेले, उरले २६५. म्हणजे पट्ट्या ८ हव्यात आणि कापड १७.५ नव्हे, २० इंच. शेवटच्या कोपऱ्यावर हे कळून काय उपयोग? तेव्हा ते छापाचे कापड बहुधा संपलेले असते.

काउंट, घरांची संख्या, धाग्याचे पदर आणि लड्या. गोधडीसाठी माया, पन्हा आणि गोटाच्या पट्ट्या. एवढे सगळे दोन ओळींत मावते. जागा कमी पडत असेल तर चित्र थोडे लहान छापा, आमची हरकत नाही.

आपली,
एक वाचक