मुंबईची लिस्ट आणि ट्रंकेतल्या तीन डिग्र्या

कोल्हापूर,
२७ जुलै

प्रिय दिन्या,
सप्रेम नमस्कार.

पत्र बघून हसशील. पण फोनवर मुद्द्याला आलो की तुझं स्टेशन येतं आणि तू ठेवतोस. म्हणून म्हटलं, लिहूनच टाकावं. इथं पावसानं पाठ सोडलेली नाही. पंचगंगेवरचा राजाराम बंधारा पाण्याखाली गेलाय आणि सकाळी उठल्यावर चहाच्या आधी सगळ्यांची एकच चौकशी : पाणी किती फुटांवर?

लेकीची, ऋतूची, अ‍ॅडमिशन शेवटी इथंच घेतली. बी. ए., इकॉनॉमिक्स. मुंबईत तुझ्याकडं त्या रात्री जेवताना तू इथल्याच कॉलेजांबद्दल म्हणालास, "अरे, ९४ टक्क्यांना लिस्ट बंद होते, म्हणजे कॉलेज काय तोलामोलाचं असेल!" मी गप्प बसलो, कारण वहिनींनी सुरमई वाढली होती. आता उत्तर देतो.

बावीस वर्षं मी कॉलेजच्या प्रवेशाच्या खिडकीत आतल्या बाजूला बसतोय. यंदा पहिल्यांदाच बाहेरच्या बाजूला उभा राहिलो. महालक्ष्मी एक्स्प्रेसनं रात्रभर मुंबईचा प्रवास, हातात एलसी, मार्कलिस्ट, डोमिसाईल, सगळ्याच्या तीन-तीन झेरॉक्स. विद्यापीठाच्या पोर्टलवरची नोंदणी इथूनच केली होती, पण फॉर्म प्रत्येक कॉलेजचा वेगळा. आमची पाळी आल्यावर ऋतू म्हणाली, "सर, मी ऑनलाइन फॉर्म भरलोय." आतल्या बाईंनी मान वर करून बघितलं, "भरलोय?" आणि शेजारच्या टेबलावर हसू फुटलं. पोरगी कानापर्यंत लाल. आपल्याकडं सगळ्या पोरी असंच बोलतात हे तिथं कुणाला सांगणार? पुढच्या कॉलेजात ती माझ्याकडंच बघून म्हणाली, "बाबा, तुम्हीच बोला."

पहिली लिस्ट ९४ वर थांबली, तिसरी ९२ वर. ऋतूला ८८. पण मला सवय असल्यामुळं मी टक्के सोडून जागा मोजत बसलो. समज, तुकडी १२० ची. कॉलेज अल्पसंख्याक संस्थेचं असेल तर निम्म्या जागा त्या समाजासाठी. मग त्याच कॉलेजात बारावी केलेली पोरं, त्यांना आधी मान. मग मॅनेजमेंट कोटा. हे सगळं वजा जाता बाहेरून येणाऱ्यासाठी मूठभर खुर्च्या उरतात, आणि त्या मूठभर खुर्च्यांसाठी आख्खी मुंबई उभी. आकडा ९४ वर जाईल नाहीतर काय होईल? त्यातनं रांग केवढी होती ते कळतं. वर्गात कोण शिकवतं, हे त्या कागदावर कुठंच नसतं. आमच्याकडंही बारावीचा निकाल फुगला की लिस्ट चढते. शिकवणारे तेच, गळणारं छतही तेच.

दिल्लीचं आठवतंय? २०२१ साली तिथल्या विद्यापीठाच्या काही कॉलेजांत कट-ऑफ थेट १०० टक्क्यांवर गेली होती. म्हणजे एक मार्क गेला की पोरगं बाहेर. पुढच्याच वर्षी, २०२२ पासून, सीयूईटी ही प्रवेश परीक्षा आली आणि बोर्डाच्या टक्क्यांवरची ती यादीच संपली. कॉलेजं काय एका वर्षात बदलली होय? आत जायचा रस्ता बदलला.

आता तुझा दुसरा मुद्दा, "डिग्रीवर मुंबई विद्यापीठ लिहिलेलं असतं." आजऱ्याहून आंबोली घाट उतर आणि सावंतवाडीत जा. तिथल्या कॉलेजातल्या पोराच्या डिग्रीवरही मुंबई विद्यापीठच असतं, कारण रत्नागिरी-सिंधुदुर्ग त्याच हद्दीत. मुंबई तिथनं जवळपास ५०० किलोमीटर. घाटावरच्या आजऱ्यातल्या पोराला शिवाजी विद्यापीठाची डिग्री. घाट उतरला म्हणून कुणी हुशार झालेलं मी तरी बघितलं नाही.

घरी आल्यावर एक गंमत सापडली. कागदपत्रं शोधताना आईची जुनी ट्रंक उघडली. तळाशी कापडात गुंडाळलेल्या आजोबांच्या आणि वडलांच्या डिग्र्या, त्यात माझी टाकली. तिघंही राजाराम कॉलेजचे. आजोबांच्या डिग्रीवर मुंबई विद्यापीठ, वडलांच्या डिग्रीवर पुणे, माझ्या डिग्रीवर शिवाजी. पुणे विद्यापीठ १९४९ साली निघालं तेव्हा आपण तिकडं गेलो, आणि १९६२ ला सागरमाळावर आपलं स्वतःचं झालं. कॉलेज १८८० पासूनचं. नामदार गोखले पण आधी इथंच शिकायला होते, मग एल्फिन्स्टनला गेले. मुळात १८५७ साली मुंबई विद्यापीठ काढलं ते लंडनच्या धर्तीवर, परीक्षा घ्यायची आणि पदवी द्यायची म्हणून. शिकवायचं काम कॉलेजांचं. ते अजून बऱ्यापैकी तसंच चालू आहे, एवढंच लोक विसरलेत.

आमच्याकडं सगळं सोनं आहे असं म्हणत नाही. २०२१ ला शिवाजी विद्यापीठाला नॅकची, म्हणजे कॉलेज-विद्यापीठांना दर्जा देणाऱ्या संस्थेची, ए डबल प्लस श्रेणी मिळाली तेव्हा गावभर अभिनंदनाचे फ्लेक्स लागले. गुण किती, तर ३.५२. डबल प्लसची रेघ ३.५१ ला. म्हणजे काठावर पास, पण पास! आणि मानांकन विद्यापीठाला, त्यामुळं एखाद्या कॉलेजात दोन-दोन वर्षं प्राध्यापकाची जागा रिकामी असली तरी फ्लेक्स तोच. मुंबईवर हसायचं तर २०१७ आठव. पेपर ऑनलाइन तपासायच्या नादात निकाल रखडले, शेवटी कुलगुरूंना जावं लागलं. एवढं होऊनही पुढच्या वर्षी रांग काही कमी झाली नाही.

तरी एक खरं सांगतो. ऋतू तिथं गेली असती तर इंटर्नशिप मिळाली असती, मोठमोठ्या माणसांची भाषणं ऐकली असती, वर्गात देशभरची पोरं भेटली असती. ते इथं नाही, आणि त्याचं मला वाईट वाटतं. हॉस्टेलचा खर्चही ऐकलास ना तू. ते जमलं असतं की नाही, हे तिला अजून सांगितलेलं नाही.

पहिला आठवडा ती कुणाशी धड बोलली नाही. मैत्रिणींचे मुंबईचे फोटो बघत बसायची. मग परवा कॉलेजातनं आली आणि थेट माळ्यावर चढली. तिच्या इकॉनॉमिक्सच्या सरांनी सांगितलं होतं, ज्याच्या घरात साखर कारखान्याचा सभासद आहे त्यानं वार्षिक अहवाल घेऊन या. आमच्याकडं दहा वर्षांचे पडून आहेत, आजपर्यंत त्यात मी फक्त चेअरमनचा फोटो बघितला. रात्री अकरा वाजता ती अहवाल पसरून बसली होती, कॅल्क्युलेटर घेऊन. "बाबा, एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला उसाचा किमान दर, आणि आपल्या हातात पडलेला दर, मी दोन्ही मांडलोय. तोडणी-वाहतूक वजा केली तरी जुळत नाही. बाकीचे पैसे कुठं गेले?"

मला सांगता आलं नाही. तुझ्या चुलतभावाला विचार, तो सहकार खात्यात होता ना? तिला त्याचा नंबर पाठव.

वहिनींना कांदा-लसूण चटणी पाठवतोय, पाऊस उघडला की. छत्री तुझ्याकडंच राहिली, ती राहू दे.

तुझा,
शिरप्या