आमच्या ग्रंथपाल सरांना, जाहीर आभार

आदरणीय सर,

सप्रेम नमस्कार.

पदोन्नतीच्या अर्जाला प्रकाशनांची यादी जोडायची होती आणि प्रत्येक डेटाबेस माझ्याबद्दल वेगळंच सांगत होता. एकीकडे निम्मे पेपर गायब, दुसरीकडे तोच पेपर दोनदा, तर तिसरीकडे माझ्या नावावर दातांच्या सिमेंटचा अभ्यास! मी पोटाची सर्जन. हा गुंता तुम्ही ज्या चिकाटीने सोडवलात, त्याबद्दल चारचौघांत आभार मानावेत म्हणून हे पत्र लिहिते आहे.

मी एच-इंडेक्सबद्दल (सायटेशनवरून, म्हणजे इतर पेपरांनी केलेल्या उल्लेखांवरून, काढलेला संशोधकाचा आकडा) विचारत होते आणि तुम्ही माझं नाव पाहत होतात. कुठे एकच आद्याक्षर, कुठे दोन, कुठे आडनाव आधी. त्यामुळे माझी दोन प्रोफाइल तयार झाली होती. याने नेमकं काय बिघडतं, ते तुम्ही एका चिठ्ठीच्या मागे लिहून दाखवलंत. समजा, एका प्रोफाइलमधल्या पेपरांना ४०, २२, ९, ८ आणि ३ सायटेशन आहेत, दुसऱ्यातल्यांना ३०, १२, ७ आणि ६. दोन्हीकडे निदान ४ सायटेशन असलेले पेपर ४, म्हणून एच-इंडेक्स ४. एकत्र केले की ७, कारण आता निदान ७ सायटेशन असलेले ७ पेपर एका जागी येतात. होर्हे हर्श या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ मध्ये मांडलेला हा आकडा आम्ही सर्जन मंडळी सर्रास वापरतो, पण तो असा हाताने मांडून मला तोवर कुणी दाखवला नव्हता.

मग तुम्ही एकेका पेपरचं पहिलं पान उघडलंत. संस्था कोणती, विभाग कोणता, सहलेखक कोण, सगळं ताडून पाहिलंत. ऑनलाइन आधी आलेली आवृत्ती आणि नंतरची छापील आवृत्ती वेगवेगळी नोंदली गेली होती, त्यांची सायटेशन एकत्र करून घेतलीत. परिषदेतला गोषवारा मात्र पूर्ण पेपरमध्ये मिसळू दिला नाहीत. शेवटी ओआरसीआयडीचा, म्हणजे संशोधकाची स्वतंत्र ओळख सांगणारा, १६ अंकी क्रमांक काढून दिलात आणि इथून पुढे पेपर पाठवताना तो घातल्याशिवाय पाठवायचा नाही, अशी तंबीही.

नावसाधर्म्यामुळे चिकटलेले पेपरही तुम्ही तितक्याच काळजीने वेगळे केलेत. त्यातल्या एकाला चांगली भरघोस सायटेशन होती. तो गेला तशी माझी बेरीज खाली आली. त्यामागे दुसऱ्या कुणाचे तरी कष्ट आहेत, ते त्याच्या नावावर जायला हवेत, इतकंच तुम्ही म्हणालात. माझ्या लेखी या सगळ्या मदतीत हे सर्वांत मोलाचं.

आणि तुम्ही तिथेच थांबला नाहीत. मला सायटेशन वाचायला शिकवलंत. माझ्या एका पेपरचा उल्लेख करणारे पेपर उघडून दाखवलेत: कुठे तो प्रस्तावनेतल्या लांबलचक रांगेत उभा होता, तर कुठे रुग्णांची निवड कशी करायची हे ठरवताना खरोखर वापरला होता. मोजणीत दोन्हींची किंमत १. डिंडो, डेमार्टिन आणि क्लाव्हियां यांनी २००४ मध्ये मांडलेल्या, शस्त्रक्रियेनंतरच्या गुंतागुंतींच्या वर्गीकरणाला इतकी सायटेशन का, हेही मग उमगलं. शस्त्रक्रियेनंतर काय बिघडलं हे लिहायला बसलेल्या प्रत्येकाला ती श्रेणी लागते. उलट, अँड्र्यू वेकफिल्ड यांचा, एमएमआर लसीचा ऑटिझमशी संबंध सुचवणारा १९९८ चा पेपर 'लॅन्सेट'ने २०१० मध्ये मागे घेतला, तरी त्याला सायटेशन मिळत राहिली. बहुतेक त्याचं खंडन करणारी.

इम्पॅक्ट फॅक्टरबद्दलचं तुमचं बोलणं तर मी विभागात सगळ्यांना सांगते. तो मासिकाचा आकडा. मागच्या २ वर्षांतल्या लेखांना यंदा सरासरी किती सायटेशन मिळाली, एवढंच तो सांगतो. कर्करोगाच्या शस्त्रक्रियेत आम्ही रुग्णाचं ५ वर्षांचं जगणं मोजतो. २ वर्षांच्या खिडकीतून ते दिसायचं कसं? एरिख म्यूहे यांनी १९८५ मध्ये जर्मनीत दुर्बिणीतून पित्ताशय काढलं, तेव्हा त्यांच्याच देशातल्या सर्जननी त्याकडे पाठ फिरवली होती. त्या वर्षांत त्यांचं काम सायटेशनवर जोखलं असतं, तर हाती काय लागलं असतं?

तुमच्या सांगण्यावरून मी अर्जात नुसती बेरीज दिली नाही. निवडक पेपर दिले, प्रत्येकात माझा वाटा काय हे लिहिलं: कल्पना कुणाची, शस्त्रक्रिया कुणी केल्या, पाठपुरावा कुणी केला, विश्लेषण कुणाचं. एच-इंडेक्स दिला तो डेटाबेसचं नाव आणि तारीख घालून, कारण एकाच दिवशी गूगल स्कॉलर आणि स्कोपस वेगळे आकडे दाखवतात. स्वतःच स्वतःला दिलेली सायटेशन वगळून काय उरतं, तेही लिहिलं.

आता एक विनंती. आमच्या पुढच्या सिस्टिमॅटिक रिव्ह्यूसाठी (एका प्रश्नावरचे सगळे अभ्यास पद्धतशीर शोधून तपासणारा लेख) शोधाची आखणी तुम्ही करत आहात. ते काम आभाराच्या एका ओळीत बसणारं नाही. लेखकांच्या यादीत तुमचं नाव हवं, असं आम्हा सगळ्यांचं ठरलं आहे. कृपया होकार द्या, आणि तुमचा ओआरसीआयडी क्रमांक कळवा.

आपली कृतज्ञ,
सर्जरी विभागातली एक संशोधक