कचऱ्याची राख आमच्या स्लॅबमध्ये नको

संपादक महोदय,

कचरा जाळून उरलेली राख सिमेंटच्या जागी थोडी थोडी वापरायची, ही तुमची कालची बातमी वाचली आणि राहवलं नाही. बातमीभर नुसतं 'फ्लाय ॲश' (धुराबरोबर उडणारी बारीक राख) लिहिलंय आणि फोटो छापलाय कोळशाच्या वीज केंद्राचा. अहो, कोळशाची फ्लाय ॲश वेगळी, तिला आयएस ३८१२ हे भारतीय स्टँडर्ड आहे, पीपीसी म्हणजे राख मिसळलेल्या सिमेंटमध्ये ती १५ ते ३५ टक्के असतेच, त्याबद्दल कुणाची तक्रार नाही. कचऱ्याच्या भट्टीत प्लास्टिक, खारट खरकटं, सेल सगळं एकत्र जळतं. धुराच्या फिल्टरमध्ये अडकणाऱ्या बारीक राखेत क्लोराइड (मिठातला, लोखंड गंजवणारा घटक), शिसं आणि कॅडमियमसारखे विषारी धातू, डायॉक्सिनसारखी विषारी रसायनं असतात. खाली उरणारी जाड राख त्यामानाने बरी, पण तिच्यातले ॲल्युमिनियमचे कण ओल्या सिमेंटमध्ये हायड्रोजन सोडतात, काँक्रीट फुगतं आणि तडे जातात. यातलं एक अक्षर बातमीत नाही.

क्लोराइड काय करतं ते आम्हाला विचारा. आमची चेंबूरची बिल्डिंग ऐंशीच्या दशकातली, बिल्डरने खाडीची खारट रेती न धुता तशीच वापरली, हे आम्हाला कळलं कधी तर तीस वर्षं झाल्यावर सक्तीचं स्ट्रक्चरल ऑडिट केलं तेव्हा. त्याआधी किचनच्या छताचा ढपला थेट ओट्यावर पडला होता, गॅस चालू होता, बायको दूध आणायला दारात गेली होती म्हणून वाचली. वर बघितलं तर सळ्या गंजून पापुद्रे सुटलेले. गंज फुगतो आणि काँक्रीट आतून फोडतो, वरून कितीही प्लास्टर मारा. मग टेकू, जॅकेटिंग (कॉलमभोवती नव्या काँक्रीटचं वेष्टण), घरटी वर्गणी, दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी त्यासाठी बांगड्या मोडल्या. बिल्डरचा तोपर्यंत पत्ताच नव्हता, आणि पहिल्या रिपेअरवाल्याने नुसतं थापून पैसे नेले ते वेगळंच.

काँक्रीटच्या आयएस ४५६ या स्टँडर्डमध्ये सळ्या असलेल्या काँक्रीटला घनमीटरमागे ०.६ किलो क्लोराइडची मर्यादा आहे, सळ्या नसतील तर ३ किलो. म्हणजे ही राख वापरायचीच तर धुऊन, काही महिने उघड्यावर मुरवून, तपासून, सळ्या नसलेल्या पेव्हर ब्लॉकमध्ये वापरा. नेदरलँड्समध्ये जाड राख रस्त्याच्या भरावात वापरतात, तसं करा. माझा विरोध राखेला नाही, जाळलेल्या कचऱ्याच्या वजनाचा पाचवा ते चौथा हिस्सा राख उरते, देवनारचा रोज ६०० टन कचरा जाळून वीज करण्याचा प्रकल्प चालला तर ती कुठेतरी ठेवावी लागणारच आहे. पण समुद्राच्या खाऱ्या हवेत उभ्या असलेल्या मुंबईत लोकांच्या स्लॅबमध्ये आणि कॉलममध्ये नको. एसआरएच्या म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसनाच्या इमारतींत तर अजिबातच नको, तिथल्या माणसाकडे पुन्हा रिपेअर करायला पैसे कुठून येणार? बॅचगणिक क्लोराइडचा रिपोर्ट कोण मागणार, कोण सही करणार, हे तुमच्या वार्ताहराने महापालिकेला विचारायला हवं होतं. आता तरी विचारा आणि फोटोची दुरुस्ती छापा.

आणि काँक्रीटचा विषय निघालाच आहे तर, आमच्या गल्लीत रोज रात्री आरएमसीचे (तयार काँक्रीट नेणारे) मिक्सर उभे राहून ड्रम धुतात, सगळं सिमेंटचं पाणी गटारात जाऊन घट्ट होतं आणि पहिल्याच पावसात पाणी तळमजल्यात शिरतं. वॉर्ड ऑफिसला फोटोसकट तक्रार दिली आहे, कुणी फिरकलेलं नाही. त्याचीही बातमी करा.

आपला,
चेंबूरचा एक वाचक