पडद्यामागच्या मंडळींना थँक्यू

आपला ईमेल ग्रुप सांभाळणाऱ्यांनो, नावं घेतलेली तुम्हाला आवडणार नाहीत म्हणून घेत नाही, पण आभार मानायचे राहूनच गेले होते. ईमेल ग्रुप सांभाळायचा म्हणजे मेल आली की अप्रूव्ह करायची, एवढंच काम असं मला वाटायचं (हसू नका).

मग एका मेंबरने सुट्टीला जाताना ऑटो-रिप्लाय लावला, तो आला ग्रुपवर, ग्रुपची मेल परत त्याला, की परत रिप्लाय, सकाळी बघतो तर सगळ्यांचे इनबॉक्स तुंबलेले, वर "मला काढा" म्हणणारे तेही सगळ्यांनाच लिहितायत. तुमच्यातल्या एकाने आधी त्याला मॉडरेशनवर टाकलं (म्हणजे त्याची मेल तपासल्याशिवाय ग्रुपवर जाणार नाही असं केलं) आणि मग मला न ओरडता सांगितलं की असे लूप होऊ नयेत म्हणून 2004 पासून आरएफसी 3834 नावाची इंटरनेटवरच्या ऑटो-रिप्लायसाठीची नियमावली आहे, हेडर (मेलच्या वर लपलेल्या तांत्रिक ओळी) नीट लावले तर शहाणे ऑटो-रिप्लाय गप्प बसतात. सगळे शहाणे नसतात, ते सोडा.

काहींच्या मेल पोचतच नव्हत्या, ते कोडंही तुम्हीच सोडवलंत. आपण सब्जेक्टला ग्रुपचं नाव चिकटवतो, खाली फुटर जोडतो, त्याने डीकिमची, म्हणजे मेल वाटेत बदलली नाही हे दाखवणारी डिजिटल सही मोडते, मग ज्यांच्या पत्त्याचं डीमार्क (तपासणीत नापास झालेल्या मेलचं काय करायचं हे सांगणारा नियम) कडक आहे, त्यांनी पाठवलेल्या मेल समोरचा सर्व्हर परत पाठवतो आणि असे बाउन्स, म्हणजे परत आलेल्या मेल, मोजून आपला सॉफ्टवेअर बिचाऱ्या भलत्याच मेंबरांना बंद करतो!

आणि दोन मेंबरांचं भांडण तुम्ही ग्रुपवर एक अक्षर न लिहिता, वेगवेगळं बोलून मिटवलंत, ते मला अजून जमत नाही. मनापासून थँक्यू.