ज्युलिएटचं वय आम्हाला दाखवून देणाऱ्या बाईंना

आदरणीय बाई,

सप्रेम नमस्कार.

प्रयोग संपल्यावर मुलांच्या गराड्यात तुमच्याशी धड बोलताही आलं नाही. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांना वाचता येईल असं. किशोरवयीन मुलांना घेऊन ‘रोमिओ आणि ज्युलिएट’ बसवू पाहणाऱ्या कुणाच्या हाती ते पडलं, तर तुम्ही आम्हाला जे दिलंत ते त्यांच्याही उपयोगी पडेल.

पहिल्या वाचनाला तुम्ही संवाद वाचूच दिले नाहीत. फळ्यावर रविवार ते गुरुवार असे पाच रकाने आखलेत आणि मुलांनी घरून वाचून आणलेल्या घटना त्यांच्याकडूनच त्यात भरून घेतल्यात. रविवारी रात्री मेजवानीत भेट. सोमवारी दुपारी लग्न, आणि त्याच दुपारी रोमिओचा मित्र मर्क्युशिओ आणि ज्युलिएटचा मामेभाऊ टिबल्ट दोघंही मेलेले. मंगळवारी पहाटे ताटातूट. गुरुवारी उजाडताना सगळं संपलेलं. रकाने भरत गेले तशी वर्गातली कुजबुज थांबली. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, “बाई, यांतलं कुणी नीट झोपलंय तरी का?” तुम्ही तिला फळ्यापाशी बोलावलंत आणि तिचाच प्रश्न रकान्यांच्या वर मोठ्या अक्षरांत लिहायला लावलात. आमची सगळी तालीम त्या प्रश्नाभोवती फिरली.

त्याच दिवशी तुम्ही आर्थर ब्रूकचं १५६२ सालचं दीर्घकाव्य सांगितलंत. शेक्सपिअरने कथा घेतली ती तिथून. ब्रूककडे हे प्रकरण कित्येक महिने चालतं आणि ज्युलिएट सोळाच्या आसपास आहे. शेक्सपिअरने महिन्यांचे दिवस केले आणि ज्युलिएटला चौदावं वर्षही पूर्ण होऊ दिलं नाही. आमच्या गटातल्या निम्म्या मुली त्याच वयाच्या. तोवर ज्युलिएट त्यांच्यासाठी चित्रातली, लांब केसांची कुणीतरी मोठी बाई होती. नंतर त्या तिच्याबद्दल ‘ती’ म्हणून, वर्गातल्या मुलीबद्दल बोलावं तसं बोलायला लागल्या.

सुरुवातीचं निवेदन कापायचं आमच्या मनात होतं. दोघं मरणार हे आधीच सांगून टाकलं तर मुलं बघतील कशाला, असं आम्हाला वाटत होतं. तुम्ही ठाम नाही म्हणालात. शेवट ठाऊक असलेला प्रेक्षक ‘पुढे काय’ विचारत बसत नाही, ‘आता तरी कुणी थांबवेल का’ हे बघतो, हे तुमचं म्हणणं प्रयोगात तंतोतंत खरं ठरलं. ज्युलिएटचा बाप कॅप्युलेट आनंदाच्या भरात पॅरिसशी ठरवलेलं तिचं गुरुवारचं लग्न बुधवारवर आणतो, तेव्हा प्रेक्षागृहातून चक्क “नको!” असा आवाज आला. एरवी ती एक ओळ कुणाच्या लक्षातही येत नाही. ज्युलिएटला मेल्यासारखं झोपवणारं औषध देऊन वाचवायचा फादर लॉरेन्सचा बेत त्या एका दिवसाच्या घाईनेच आणखी अडचणीत येतो, हे मुलांना कळत होतं, कारण निवेदनाने त्यांना आधीच सावध केलेलं होतं.

पण सगळ्यांत मोठं देणं तिसऱ्या अंकाच्या शेवटच्या प्रवेशाचं. आम्ही सज्जाच्या प्रवेशावर जीव ओतत होतो, या प्रवेशाकडे आमचं लक्षच नव्हतं. बाप घराबाहेर काढण्याची, रस्त्यावर मरायला सोडण्याची धमकी देऊन जातो. आई पाठ फिरवते. उरते ती दाई, जिने तिला अंगावर पाजलं, लग्नाचे निरोप पोचवले. आणि तीच म्हणते, रोमिओला विसर, पॅरिसशी लग्न कर. तिथे तुम्ही ज्युलिएट करणाऱ्या मुलीला रडू दिलं नाहीत. “हे तू मनापासून बोलतेस?” एवढं विचार, तिचं उत्तर ऐकून घे, आणि मग तिच्याकडे बघायचं बंद कर, असं सांगितलंत. दाई तिच्या केसांवरून हात फिरवत राहते आणि मुलगी समोर बघते. ते करताना आमची ज्युलिएट पहिल्यांदा खरी एकटी दिसली. पुढे ती ते औषध का पिते, हे कुणाला समजावून सांगावं लागलं नाही.

हा बेत रोमिओला कळवणारं लॉरेन्सचं पत्र न पोचण्याबद्दल मला धाकधूक होती. इतक्या मोठ्या नाटकाचा कणा एका चुकलेल्या निरोपावर, हे आजच्या मुलांना पटेल का? तुम्ही ते पत्र नेणाऱ्या फादर जॉनचे संवाद वाचायला लावलेत. साथीच्या संशयावरून त्याला एका घरात कोंडून दारं बंद केली जातात, आणि पत्र पुढेही जात नाही, परतही येत नाही. कोरोनातली टाळेबंदी लहानपणी पाहिलेल्या या मुलांना त्यात काहीच अवघड वाटलं नाही. फादर जॉन करणारा मुलगा ते इतकं साधेपणाने बोलला, की मला त्यात काही सुचवावंसं वाटलं नाही.

आता शेवटाबद्दल. १७४८ मध्ये डेव्हिड गॅरिकने रोमिओचा प्राण जाण्याआधी ज्युलिएटला जागं करून दोघांना निरोपाचं संभाषण दिलं होतं, आणि ते रूप पुढे बराच काळ लोकप्रिय राहिलं. आमच्या काही मुलांनाही तसंच हवं होतं. तुम्ही त्यांना रागावला नाहीत. फक्त विचारलंत, की मग बघणाऱ्याला मरण सुंदर वाटेल की उशीर झाल्याचं दुःख वाटेल? त्यानंतर तुम्ही स्वतःहून समुपदेशक ताईंना तालमीला घेऊन आलात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये पडद्यावर आणि रंगमंचावर आत्महत्या दाखवणाऱ्यांसाठी काढलेली पुस्तिका त्यांच्याबरोबर बसून वाचलीत. मग आम्ही थडग्याच्या प्रवेशातलं संगीत काढलं, निळा प्रकाश काढला, फुलं काढली. मरणाचा क्षण थोडक्यात आटोपला आणि त्यानंतर येणाऱ्या मोठ्या माणसांना पूर्ण वेळ दिला. बरेच जण हा भाग कापतात. तरुण प्रेक्षकांसमोर तो कापू नये, असं माझंही आता ठाम मत झालं आहे. वैर संपवून एकमेकांच्या मेलेल्या मुलांचे सोन्याचे पुतळे उभारायची बोली करणारे ते दोन बाप मुलांनी बघायलाच हवेत.

प्रयोगानंतर ताईंनी प्रेक्षकांशी गप्पा मारल्या, मदत कुणाकडे मागायची हे स्पष्ट सांगितलं, आणि त्यानंतर तीन मुलं त्यांच्याशी बोलायला थांबली. त्याबद्दल इथे अधिक लिहीत नाही. तुम्हाला कळावं एवढंच.

आणि एक काम तुमच्यासाठी शिल्लक आहे. काहींना क्षमा होईल, काहींना शिक्षा, असं शेवटी राजा म्हणतो. फादर लॉरेन्सवर त्याचा रोष नाही, हेही कळतं. मग शिक्षा कुणाला, यावर मुलांची भांडणं अजून मिटलेली नाहीत. दाई, रोमिओला विष विकणारा गरीब दुकानदार, दोन्ही बाप, आणि स्वतः राजा, ज्याने वेळीच कडक पाऊल उचललं नाही, अशा चार बाजू पडल्या आहेत. येत्या शनिवारी सगळे संहिता घेऊन बसणार आहेत आणि न्यायाधीश म्हणून त्यांना तुम्हीच हव्या आहात. तुमची पेन्सिलच्या खुणांची प्रत माझ्याकडेच आहे, ती तेव्हा देईन.

तुमची कृतज्ञ,
नाट्यवर्गाची दिग्दर्शिका