नळाच्या पाण्याचा अहवाल आणि घरची बिअर

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

अमेरिकेत घरी बिअर करण्याचा छंद येथील मराठी मंडळींपैकीही काहींना लागला आहे. त्याविषयी आपसांत जे बोलले जाते त्यात माल्ट (मोड आणून वाळवलेले धान्य), हॉप्स (कडवटपणा देणारी फुले) आणि यीस्ट यांचा कीस पाडला जातो, परंतु बिअरमध्ये नव्वद टक्क्यांहून अधिक असणाऱ्या पाण्याची बोळवण ‘चांगले पाणी घ्यावे’ एवढ्यावरच होते. म्हणून हे पत्र. (महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी बिअर बनवणे हा दारूबंदी अधिनियमाखाली गुन्हा आहे, हे आधीच सांगितलेले बरे. येथे अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने दोन किंवा अधिक प्रौढांच्या घराला वर्षाला २०० गॅलन, म्हणजे सुमारे ७५७ लिटर, बिअर स्वतःपुरती करता येते.)

येथील पाणीपुरवठा यंत्रणांना मागील वर्षाच्या पाण्याचा अहवाल दरवर्षी १ जुलैपर्यंत ग्राहकांना द्यावा लागतो. तो मुळात पाणी पिण्यास योग्य आहे की नाही हे सांगण्यासाठी असल्यामुळे शिसे, तांबे, नायट्रेट यांना त्यात मानाचे स्थान असते. आपल्याला हवे असलेले कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम, क्लोराइड, सल्फेट आणि अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल पचवण्याची क्षमता) हे सहा आकडे मात्र शेवटच्या तक्त्यात शोधावे लागतात. काही वेळा ते नसतातच, आणि मग यंत्रणेच्या पाणी-गुणवत्ता विभागाला विचारावे लागते. विचारण्यात संकोच करू नये.

नवखा माणूस सर्वप्रथम पाहतो तो पीएच, आणि नेमका तोच सर्वांत कमी उपयोगाचा. सॅन फ्रान्सिस्को परिसराला सिएरा नेवाडातील ‘हेच हेची’ जलाशयाचे बर्फ वितळून आलेले पाणी मिळते. ते अतिशय मृदू असते, आणि त्याने नळ गंजू नयेत म्हणून त्याचा पीएच मुद्दाम वाढवला जातो. अहवालात नऊच्या आसपासचा आकडा पाहून लोक आम्लाची बाटली आणायला धावतात. वास्तविक त्या पाण्याची अल्कलिनिटी इतकी थोडी असते की माल्ट पडताच तो पीएच कोसळतो. याउलट पीएच साडेसातच असलेले भूजल भरपूर बायकार्बोनेटमुळे, म्हणजेच जास्त अल्कलिनिटीमुळे, मॅशला (माल्ट आणि गरम पाण्याच्या मिश्रणाला) ५.२ ते ५.६ या हव्या त्या पट्ट्यात उतरू देत नाही आणि फिकट बिअरला तुरटपणा येतो. काळपट भाजलेला माल्ट स्वतःच आम्लधर्मी असल्याने असे पाणी त्याला चालते. डब्लिनच्या पाण्यावर काळी स्टाउट बिअर पोसली गेली आणि पिल्सेनच्या मृदू पाण्यावर फिकट लागर, ते यामुळेच.

दुसरी अडचण सरासरीची. आमच्या फ्रीमाँटमध्ये ‘हेच हेची’चे पाणी, सॅक्रामेंटो-सॅन वाकीन नद्यांच्या डेल्टातून कालव्याने येणारे पाणी आणि स्थानिक भूजल असे तीन स्रोत आहेत. कोणत्या भागात कोणते पाणी किती हे बदलत असते, त्यामुळे मृदू आणि कठीण पाण्याची सरासरी काढून छापलेला आकडा कोणाच्याच नळाला लागू पडेल असे नाही. सरासरीच्या शेजारी किमान-कमाल आकडे दिलेले असतात ते पाहावेत. त्यांत मोठी तफावत असेल तर सरासरी विसरून जावी.

अहवालातील एक ओळ मात्र डोळे झाकून उपयोगी पडते: निर्जंतुकीकरणासाठी क्लोरीन वापरले आहे की क्लोरामाइन. दोन्हींचा माल्टमधील फिनॉलशी संयोग झाला की बिअरला दवाखान्याचा वास येतो. डेटॉलमधील मुख्य द्रव्यही क्लोरीनयुक्त फिनॉलच आहे, यावरून काय ते समजावे. क्लोरीन पाणी उकळून उडवता येते. क्लोरामाइन तेवढ्याने सहजी जात नाही, आणि आमच्या भागात तेच आहे. मेटाबायसल्फाइटची, म्हणजे कॅम्पडेनची, एक गोळी सुमारे २० गॅलन पाण्याला पुरते आणि काही मिनिटांत दोन्हींचा निकाल लावते. पाच गॅलनच्या घाण्याला पाणी त्याहून जास्त लागते, तरी अर्धी गोळी बास. बाकी काही केले नाही तरी एवढे करावेच.

बिअरसाठी प्रसिद्ध असलेल्या इंग्लंडमधील बर्टन गावाचे सल्फेटयुक्त पाणी जसेच्या तसे घरी ‘तयार’ करण्याची हौस मला पटत नाही. १० लिटर पाण्यात एक ग्रॅम जिप्सम (कॅल्शियम सल्फेट) घातले तर लिटरमागे कॅल्शियम सुमारे २३ आणि सल्फेट सुमारे ५६ मिलिग्रॅम वाढते, आणि हॉप्सचा कडवटपणा खुलायला असे थोडेच पुरते. परंतु मूळ पाण्यात काय आहे हे ठाऊक नसताना एक ग्रॅमही घालू नये. आकडे घेताना एककेही तपासावीत: अल्कलिनिटी कॅल्शियम कार्बोनेटच्या रूपात दिली असेल तर बायकार्बोनेटसाठी तिला १.२२ ने गुणावे, आणि खासगी प्रयोगशाळेने सल्फेट गंधकाच्या रूपात दिले असेल तर तिप्पट करावे.

ज्यांचे पाणी वारंवार बदलते त्यांनी शोभेच्या माशांच्या दुकानातून केएच (कार्बोनेट कठीणता) मोजण्याचे थेंबांचे किट आणावे. त्याचे उत्तर जर्मन अंशांत येते, त्याला १७.८ ने गुणले की त्या सकाळच्या नळाच्या पाण्याची अल्कलिनिटी कॅल्शियम कार्बोनेटच्या रूपात लिटरमागे मिलिग्रॅममध्ये मिळते, आणि ती अहवालातील किमान-कमाल आकड्यांशी ताडून आज कोणत्या स्रोताचे पाणी येत आहे याचा बऱ्यापैकी अंदाज बांधता येतो.

आपला,
एक वाचक, फ्रीमाँट (कॅलिफोर्निया)