आवाज उतरवायला शिकवणाऱ्या बाईंस

आदरणीय बाई,

आम्ही प्रवचनकार मंडळी आवाज वाढवायला शिकायचं म्हणून आलो आणि तुम्ही तो उतरवायला लावलात. त्याबद्दल हे जाहीर आभार.

तुमचा पहिला आक्षेप प्रवचनी सुरावर. प्रत्येक वाक्य चढवायचं, शेवटचा शब्द ओढून खाली सोडायचा, की पुढचं वाक्य पुन्हा त्याच चालीत. चार-पाच वाक्यांत श्रोत्याच्या कानाला चाल पाठ होते, मग शब्दांकडे लक्ष कोण देतो? म्हणून टिपणात वाक्यागणिक एकाच शब्दाखाली रेघ, जोर तिथेच. छोट्या थांब्याला एक तिरकी रेघ, श्वासाला दोन. मुद्दा बदलला की सूर मोडून खालून सुरुवात.

मराठीत होकार-नकार वाक्याच्या टोकाला येतो आणि श्वास नेमका तिथेच संपतो. ‘क्षमा केल्याशिवाय मन हलकं होत नाही’ यातलं ‘नाही’ तोंडातल्या तोंडात राहिलं, की मागच्या रांगेपर्यंत उलटाच उपदेश पोचतो. ‘केल्याशिवाय’नंतर अर्धा श्वास घेतला की शेवट शाबूत राहतो. एवढीशी गोष्ट, पण आमच्या मते तुमच्या शिकवणीतली सर्वांत मोलाची.

पट्टी, जोर आणि वेग हे तिन्ही एकदम वाढवायचे नाहीत, हा तुमचा दुसरा दंडक. आवाज मोठा केला की तो आपसूक वरच्या पट्टीत जातो. त्यात भावनेच्या भरात आणखी चढवला की गळा आवळतो आणि ऐकणाऱ्याला ओरडा खाल्ल्यासारखं वाटतं. सुरुवात गप्पांच्या पट्टीत केली तरच वर जायला जागा उरते. कळसाच्या वाक्याला जोर वाढवायचा असेल तर वेग कमी करायचा. करुण प्रसंगी आवाज बारीक करायचा, पण त्यात नुसती हवा सोडायची नाही. व्यंजनं ठसठशीत हवीत. आणि रडवेला सूर मुद्दाम लावू नये, तो लगेच ओळखू येतो.

घुमणाऱ्या सभागृहात ओरडून काही साधत नाही. आवाजाबरोबर घुमणंही वाढतं. तिथे वेग उतरवायचा, आधीचा शब्द विरू द्यायचा. माइक साधारण वीतभर लांब आणि तोंडासमोरून किंचित बाजूला, म्हणजे प-फ-ब-भचे फटके बसत नाहीत. फार जवळ गेलं की खर्ज फुगतो आणि शब्द गढूळ होतात.

घसा खाकरण्याऐवजी पाण्याचा घोट घ्यायचा, आणि बसलेल्या आवाजाला कुजबुजणं म्हणजे विश्रांती नव्हे, हेही तुम्ही ठणकावलंत. तीन-चार आठवड्यांत आवाज सुटला नाही तर थेट घशाचे डॉक्टर.

तक्रार एकच. प्रश्न विचारल्यावर तीन सेकंद गप्प राहायचं, हे तुम्ही फार सहज सांगता. श्रोत्याला विचार करायला तेवढे लागतातच, पण बोलणाऱ्याला ते संपता संपत नाहीत. पोथीखाली तीन बोटं मोजायची तुमची युक्ती आहे, म्हणून निभावतं.

आपले,
सराववर्गातले प्रवचनकार